नांदूर मधमेश्वर: जानेवारीतली सकाळ

नाशिकहून नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचं अंतर फारसं नाही, पण जानेवारीत सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्याच्या आधी पोचायचं तर अंधारातच निघावं लागतं. निफाडचा पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली जातो. नदीकाठी धुकं असतं आणि त्याच धुक्यात उसाच्या ट्रॉल्या निघालेल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागचे दिवे वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकलेले किंवा मुळात नसलेलेच. अपर लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून डिपरवरच आणि हळू चालवा. वाटेत आडोशाला म्हणून उसात शिरू नका. हा बिबट्यांचा मुलूख आहे.

महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला आणि उथळ पाण्याची दलदल तयार झाली. कालव्यांना आवर्तन (सिंचनाच्या पाण्याची पाळी) सुटलं की पातळी बदलते. पाणी चढलं तर चिखलपक्ष्यांचे किनारे बुडतात आणि पक्षी दुसरीकडे सरकतात. त्यामुळे फोटो पाहून जागा ठरवू नका. आज कुठल्या मनोऱ्यावरून काय दिसतंय, ते तिथल्या गाइडला विचारा. गाइड घ्याच, बऱ्याच जणांकडे स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी पाहायची स्टँडवरची दुर्बीण) असतो.

आपली दुर्बीण न्यायची तर 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंग 42 मिमीची) पुरे. गारठलेल्या हातात 10× जास्त हलते. थंडगार दुर्बीण गरम गाडीत नेली की काचेवर दव धरतं, म्हणून ती बाहेरच पिशवीत बंद करून मग आत बसा.

काठाचा गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो; खाली काळा, मऊ चिखल असतो. पाय रुतला तर सरळ वर खेचू नका, बूट आतच राहतो. मागे रेलून वजन पसरवा, पाय थोडा हलवून मोकळा करा आणि मग काढा. मुळात पायवाट सोडायचीच नाही.

किती जवळ जायचं हे वारकरी (कूट) नावाचे पाणपक्षी सांगतात. काळं अंग आणि कपाळावर पांढरं गंध, त्यावरूनच हे नाव पडलं असावं. आधी ते चरायचे थांबतात, मग माना ताठ होतात, मग सगळा थवा आत सरकू लागतो. माना ताठ झाल्या की तिथंच थांबा. आणखी एक पाऊल टाकलं तर ते पाण्यावर धावत उडतात आणि शेजारची थापट्या, तलवार ही बदकंही उठतात. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंब या रानहंसांना परतीसाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक उगाचच्या उड्डाणात ती खर्च होते. ‘उडताना फोटो हवा’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना तिथंच टोकावं.

कपडे मातकट रंगाचे घाला. ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवा, फरसाण पाण्यात टाकू नका. दहानंतर ऊन चढतं, पाणी चमकतं आणि दिसणं कमी होतं. संध्याकाळी थांबलात तर अंधाराआधी निघा, त्या ट्रॉल्या तेव्हाही रस्त्यावर असतात.