डेरीच्या सभेत

अमेरिकेत, न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशुआला आमच्या शेजारच्या बाई निवृत्त नर्स होत्या. २००० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्यांनी रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेनना मत दिलं होतं. २००७ मध्ये मॅकेन पुन्हा उभे होते, तेव्हा मात्र त्यांचं नाव निघालं की बाईंचा चेहरा बदलायचा. इराकमध्ये आणखी सैन्य पाठवा म्हणणाऱ्याला मी पुन्हा मत कसं देऊ, असं विचारायच्या.

त्या जुलैत मॅकेन संपले, असंच सगळे धरून चालले होते. मोहिमेचे पैसे आटले, वरची माणसं सोडून गेली. डेमोक्रॅट सेनेटर केनेडींबरोबर रेटलेलं, बेकायदा आलेल्यांना कायदेशीर होण्याची वाट देणारं इमिग्रेशनचं विधेयक जूनमध्ये सेनेटमध्ये अडकून पडलं होतं, त्यावरून पक्षाचेच लोक खवळलेले. मग ते न्यू हॅम्पशरमध्ये गावोगाव टाउन हॉल, म्हणजे लोकांनी थेट प्रश्न विचारायच्या सभा, घेत फिरू लागले. २००० मध्ये अशाच शंभरावर सभा घेऊन त्यांनी इथे बुशना हरवलं होतं.

बाई ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या. अशा मतदाराला प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षातून उभ्या असलेल्या ओबामांनाही त्याच हव्या होत्या. मी एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मला मत नव्हतं. पण ३ जानेवारी २००८ ला बाई म्हणाल्या, डेरी गावाला मॅकेनच्या सभेला चाललेय, येतोस का? गेलो.

आमच्या सांगलीकडे उमेदवार दारात येऊन हात जोडतो, आपण ‘हो हो, तुम्हालाच’ म्हणतो आणि दार लावतो. वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. इथे एक माणूस उठला आणि इराक युद्धावरून मॅकेनना थेट भिडला. बुश म्हणतात, आपण तिथे पन्नास वर्षं राहू, असं तो म्हणत होता, तोच मॅकेन म्हणाले, कदाचित शंभरसुद्धा. जपानमध्ये साठ वर्षं आहोत, दक्षिण कोरियात पन्नास. आपली माणसं मरत किंवा जखमी होत नसतील तर माझी हरकत नाही. त्या माणसाचं समाधान झालं नाही. मॅकेननीही त्याला खाली बसवलं नाही, वाद चालूच राहिला. पुढे विरोधकांनी त्यातले ‘शंभर वर्षं’ एवढेच शब्द वर्षभर वाजवले. मी पूर्ण उत्तर ऐकलंय, म्हणून ते मला आजही खटकतं.

बेकायदा आलेल्यांचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा यायचा. माझे कागद चोख होते, तरीही. आधी सीमा पक्की करू, असं मॅकेन तेव्हा म्हणू लागले होते. लोकांच्या रागापुढे ते तेवढे वाकले. पण तीही देवाचीच लेकरं आहेत, हे वाक्य त्यांनी सोडलं नव्हतं. चिडलेल्या मतदारांपुढे असं बोलायला काय लागतं, ते माझ्यासारख्याला कळतं.

परतताना बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “युद्धाबद्दल ते चुकतायत. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले नाहीत.”

८ तारखेच्या प्रायमरीत मॅकेन ३७ टक्के मतं घेऊन जिंकले, त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी रॉम्नींना ३२ टक्के मिळाली. बाईंनी रिपब्लिकन मतपत्रिका मागितली की डेमोक्रॅटिक, ते मी विचारलं नाही.

पुढे मी नागरिक झालो. २०१६ च्या ९ फेब्रुवारीला माझं पहिलं प्रायमरी मत. त्याआधी मीही सभांना गेलो. एका सभेत हात वर केला, माईक हातात आला. मी एच-वनवाल्यांच्या मुलांबद्दल विचारलं. पहिलं उत्तर गुळमुळीत होतं. मी माईक परत दिला नाही, पुन्हा विचारलं.