पाण्याचं भांडण, डोंगरावरचा धूर आणि सोसायटीची मीटिंग

कुठल्याही कटकटीला आपण ‘वितंडवाद’ म्हणून मोकळे होतो. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते ठरवायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. आपण ज्याला ‘वाद घालणं’ म्हणतो तो बहुतेक वेळा जल्पच असतो.

हे शास्त्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेऊन पाहू. तक्रार नेहमीची: ‘ए विंगवाले पाइप लावून गाड्या धुतात, म्हणून बी विंगला पाणी पुरत नाही.’

नैयायिक, म्हणजे हे न्यायशास्त्र मानणारा, याची पाच वाक्यं करायला लावतो. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं: डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. आपल्या तक्रारीची पहिली दोन वाक्यं मिटल्या डोळ्यांनी होतात: आज पाणी कमी पडणार, कारण आज गाड्या धुतल्या. गाडं अडतं ते तिसऱ्यावर. ‘जेव्हा जेव्हा गाड्या धुतात तेव्हा तेव्हा पाणी कमी पडतं’ हे कुणी पाहिलंय? शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं ना!

या तिसऱ्या वाक्याला दोन बाजू असतात, आणि लोक विसरतात ती दुसरी. चूल हा पहिला दाखला. दुसरा तळ्याचा: जिथे आग नाही तिथे धूरही नाही. म्हणजे विचारायचं ते असं: ज्या दिवशी पाणी व्यवस्थित पुरलं, त्या दिवशी गाड्या धुतल्या होत्या का? असे तीन-चार दिवस निघाले की हेतू सव्यभिचारी ठरला, म्हणजे कारण दोन्हीकडे हजेरी लावतंय. 1960 मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला होता. बहुतेक लोक 8, 10, 12 अशी आपल्या अंदाजाला धरूनच उत्तरं तपासत राहिले. नियम होता नुसता ‘चढते आकडे’. तळ्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही, ते असं.

उपाय साधा. वॉचमनच्या रजिस्टरात महिनाभर रोज दोन खुणा: गाड्या धुतल्या की नाही, संध्याकाळी सातला टाकीत पाणी किती. आठवडा पुरत नाही, कारण त्यात रविवार एकच येतो, आणि खरी गोम रविवारातच असते.

नंतरच्या नैयायिकांनी अशा आड दडलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हटलं. आग असली की धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर येतो ओल्या लाकडामुळे. आपलं ओलं लाकूड म्हणजे सुट्टी. रविवारी गाड्याही धुतात आणि घरोघरी कपड्यांचं मशीनही लागतं. हिशेब करा. पाइपमधून मिनिटाला 10 लिटर, गाडीला 5 मिनिटं, 20 गाड्या: 1,000 लिटर. वरून कपडे टाकायच्या मशीनला एका धुण्याला शंभरेक लिटर सहज लागतं. 40 घरं, म्हणजे 4,000. खात्री हवी तर दोन आठवडे गाड्या बुधवारी धुवायला लावा आणि रजिस्टर बघा.

त्याआधी कुणीतरी गच्चीवर जावं, हे बरं. दोन्ही विंगच्या टाक्या आणि खालचा हौद वेगळे असतील तर हेतू मुळातच असिद्ध, म्हणजे ते कारण इथे लागूच होत नाही. आणि बी विंगची टाकी काठोकाठ भरलेली असूनही नळाची धार बारीक असेल, तर प्रत्यक्षानेच प्रतिज्ञा, म्हणजे आपलं पहिलं वाक्य, बाधित झाली: टाकीखालचा वॉल्व्ह अर्धवट बंद आहे, नाहीतर पाइपात हवा किंवा कचरा अडकलाय.

मीटिंगमध्ये मधेच कुणी म्हणतं, ‘आणि मागच्या वर्षीच्या रंगकामाच्या हिशेबाचं काय?’ हे अर्थांतर, विषय सोडणं. कारण लटपटलं की दुसरंच पुढे करणं म्हणजे हेत्वंतर. वादात हरल्याची अशी 22 निग्रहस्थानं सूत्रांत मोजलेली आहेत. चिटणिसाला ही दोन ओळखता आली तरी मीटिंग अर्ध्या तासाने लवकर संपते. त्याने तोंडावर शब्द फेकू नयेत मात्र. ‘तो मुद्दा पुढच्या विषयात घेऊ’ एवढं पुरतं.

या शास्त्राची एक अडचण आहे. त्याची व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ हा संबंध, ‘नेहमीच’ची असते, आणि पाण्याचं गणित ‘बहुतेक वेळा’चं. तिथे रजिस्टरातल्या आकड्यांवरच भिस्त ठेवावी.

राहता राहिलं शब्दप्रमाण: ऐकायचं कुणाचं? न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त, म्हणजे विश्वासाचा सांगणारा, म्हणजे ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो बजावतो. तेव्हा इतिवृत्तात टाकीवर चढून आलेल्या प्लंबरचं म्हणणं आधी लिहावं, वेळेसकट. खाली खुर्चीत बसलेल्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांचं त्यानंतर.