एकेचाळीस दिवस

विभागाच्या बैठकीत जबड्याच्या कर्करोगावर मी शस्त्रक्रिया केलेल्या एका रुग्णाबद्दल ‘रोग अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढल्यामुळे ऐनवेळी नियोजन बदलावे लागले’ अशी नोंद झाली. त्या नोंदीत खोटे काही नाही, तरी मला ती पटलेली नाही. का पटली नाही हे बैठकीत सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

मी विदर्भातल्या एका ग्रामीण शिक्षण रुग्णालयात जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. आमच्या ओपीडीत तोंडाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा खर्रा असतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर मागाल तितका घोटून मिळतो, आणि आमच्या फाटकासमोरचे ठेले तर रुग्णांसोबत आलेल्या माणसांवरच चालतात. हा रुग्ण वणीकडच्या एका खेड्यातला, त्रेचाळीस वर्षांचा, चार एकर कोरडवाहू कापसाचा शेतकरी होता. डाव्या खालच्या हिरडीवरची जखम हाडात उतरली होती. वर्षानुवर्षांच्या सुपारीने तोंड इतके आखडले होते की वरच्या-खालच्या दातांमध्ये जेमतेम २२ मिलिमीटर अंतर पडत होते. निरोगी माणसात ते ३५ च्या वर असते.

रोग झालेला हाडाचा भाग दोन्ही बाजूंनी सेंटीमीटरभर निरोगी हाडासह कापायचा आणि त्या जागी पायातले फिब्युला हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट, बसवायचे, ही रीत न्यूयॉर्कचे डॉक्टर हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी मांडली आणि आता ती सगळीकडे रूढ आहे. अडचण आकाराची असते. फिब्युला सरळ आहे आणि जबडा वळलेला, त्यामुळे पायाच्या हाडाचे तुकडे कोनात कापून धातूच्या एका प्लेटवर स्क्रूंनी जोडावे लागतात. बाजारातली प्लेट टेबलावर चिमट्यांनी वाकवावी लागते, आणि जिथे वारंवार वाकवली तिथे धातू कमजोर होऊन काही महिन्यांनी चावण्याच्या ताणाने तिथेच तुटू शकते. म्हणून या रुग्णासाठी आम्ही खास त्याच्याच सीटी स्कॅनवरून प्लेट घडवायचे ठरवले. उजव्या निरोगी बाजूची आरशातली प्रतिमा डावीकडे ठेवून आकार काढायचा, टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या भुकटीवर लेझर फिरवून केसाहून पातळ थर एकावर एक वितळवत प्लेट उभी करायची, आणि सोबत जबड्यासाठी व पायासाठी करवतीच्या खाचा असलेले गाइड बनवायचे. खाचेत करवत घातली की हाड ठरलेल्या कोनातच कापले जाते. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होणार होती, पण योजनेच्या ठरीव रकमेत ही प्लेट बसत नाही. त्याच्या बायकोने बैलजोडी विकून ऐंशी हजार रुपये आणले.

२०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका स्त्रीला अशाच पद्धतीने बनवलेला आख्खा खालचा जबडा बसवला, १०७ ग्रॅम वजनाचा. विद्यार्थ्यांना मी हे दर वर्षी सांगतो. तिला जंतुसंसर्ग होता, कर्करोग नव्हता, हेही सांगतो. त्या वाक्याचे महत्त्व मला या रुग्णापर्यंत पुरते कळलेले नव्हते.

कंपनीचा आराखडा करणारा अभियंता तरुण आणि फार नेटका होता. त्याचा पहिला आराखडा पाचव्या दिवशी आला आणि तो वापरण्याजोगा होता, हे मला आज मान्य करावे लागते. मी मात्र पडद्यावर जबडा फिरवून फिरवून पाहत राहिलो. मागचा तिसरा स्क्रू खालच्या दातांच्या मज्जातंतूच्या नळीपासून दीड मिलिमीटरवर जात होता. मला तीन हवे होते. फिब्युलाच्या दोन तुकड्यांपैकी एक २३ मिलिमीटरचा होता. दोन सेंटीमीटरहून लहान तुकड्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हा त्याहून मोठा होता, तरी मी तो वाढवून मागितला. तिसऱ्या आराखड्यात प्लेट जबड्याच्या खालच्या कडेला अशी लगटून बसली होती की मी ती रात्री घरी पुन्हा उघडून पाहिली. इतके देखणे काम मी पूर्वी हाताळले नव्हते.

हिशेब मी नंतर मांडला. स्कॅनपासून शस्त्रक्रियेपर्यंत ४१ दिवस गेले. स्कॅन वाचून मिळायला दोन, पैसे उभे राहायला सहा, पहिल्या आराखड्याला पाच, घडवून पोचायला अकरा, शस्त्रक्रियागृहाची तारीख मिळायला चार. उरलेले तेरा दिवस माझ्या दोन दुरुस्त्यांचे होते. बैठकीत एक सहकारी म्हणाले की कापूस वेचणीच्या दिवसांत हे लोक येतच नाहीत. हा माणूस वेचणी सोडून दिलेल्या प्रत्येक तारखेला हजर होता, आणि तसे नोंदवून घ्या असे मी निदान त्या वेळी तरी म्हणायला हवे होते.

याहून मला खुपते ती शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची तपासणी. मी हातमोजा घालून त्याच्या पुढच्या हिरडीवरून बोट फिरवले. सुळ्याच्या पुढे, जिथे आराखड्यात निरोगी हाड दाखवले होते, तिथे बोटाला जाड, न दबणारे काहीतरी लागले. मी बोट मागे घेऊन पुन्हा फिरवले, आणि दातांच्या किटणामुळे आलेली सूज असावी असे केसपेपरवर लिहिले. नवा स्कॅन त्याच रात्री होऊ शकला असता. पण प्लेट निर्जंतुक होऊन ट्रेमध्ये ठेवलेली होती, आणि मला ती सूजच असायला हवी होती.

सकाळी हाड उघडले तेव्हा गाइड जबड्यावर चपखल बसले. पण पुढची खाच गाठीच्या आत होती. आमच्याकडे शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून तपासायची सोय नाही, म्हणून बोटांवर भरवसा ठेवून मी खाचेच्या १४ मिलिमीटर पुढे हाड कापले. तेवढे कापल्यावर त्या प्लेटच्या पुढच्या टोकाला निरोगी हाडात एकच स्क्रू बसत होता आणि निदान तीन हवे असतात. प्लेट बाजूला ठेवली. पायाचे गाइडही निरुपयोगी झाले, कारण आता जागा हनुवटीच्या वळणापर्यंत गेली होती आणि दोनाऐवजी तीन तुकडे लागणार होते. ज्यावर भरवसा ठेवता आला ती एकच वस्तू म्हणजे कंपनीने सोबत पाठवलेला त्याच्या जबड्याचा राळेचा नमुना. त्यावर मी साधी प्लेट चिमट्यांनी वाकवली, तीही चार वेळा, आणि प्रत्येक वेळी ती कमजोर होते आहे हे मला ठाऊक होते. भूलतज्ज्ञ बाईंनी त्या वाढलेल्या अडीच तासांत एकदाही घड्याळ दाखवले नाही. त्यांचे मी मनापासून आभार मानले आहेत.

हाड जगले. अहवालात कापलेल्या कडा रोगमुक्त आल्या. पुढच्या कडेला सात मिलिमीटर निरोगी ऊती होती. म्हणजे गाइडच्या खाचेतून कापले असते तर गाठ आत राहिली असती. पण हनुवटी डावीकडे किंचित कलली आहे आणि त्या बाजूला दात बसवता येतील की नाही याची मला खात्री नाही. सध्या नागपूरला त्याचे रेडिएशन चालू आहे.

आता मी गाइडमध्ये सेंटीमीटरभर पुढे दुसरी खाच आणि प्लेटला पुढे दोन जादा छिद्रे मागून घेतो. स्कॅनला तीन आठवडे उलटले की नवा स्कॅन करतो, आणि आराखडा आला त्याच दिवशी उत्तर देतो.

त्याला रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी त्याची बायको माझ्या खोलीत आली होती. “साहेब, ते जे बनवून आणलं होतं, ते आमच्या पैशाचं व्हय ना? मंग ते आमाले द्या,” ती म्हणाली. रागाने नाही, एखादी विसरलेली पिशवी मागावी तशी. मी तिला पुढच्या तपासणीला देतो म्हणालो. प्लेट माझ्या कपाटात पाकिटात आहे. प्लेट त्यांचीच आहे आणि ती द्यायला काहीच हरकत नव्हती. पण ती का बसली नाही हे तिने विचारले असते, आणि तिला आतापर्यंत आमच्यातल्या सगळ्यांनी ‘रोग वाढला’ एवढेच सांगितले आहे, मीही. ते दोघे येत्या महिन्यात येतील. प्लेटसोबत तारखांचा कागदही मी पाकिटात घालून ठेवला आहे, तेरा दिवसांखाली रेघ मारून.