चिकट कागदावरचे पतंग

आमच्या संगणकशास्त्र विभागाच्या वार्षिक वार्तापत्राचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सेट-नेट उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, कॅम्पस मुलाखतींतल्या निवडी, शोधनिबंध आणि पारितोषिके यांच्या बातम्या मी लिहितो. प्रत्येक बातमीला जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो जोडावा लागतो, कारण फोटो नसेल तर मूल्यांकनाच्या वेळी ते काम धरलेच जात नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या शेतावर आम्ही गेलो, तेही मुळात असा एक फोटो हवा होता म्हणून.

एम.एस्सी.च्या तीन विद्यार्थ्यांच्या गटाला नागपूरच्या एका स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले होते. कामगंध सापळ्यातल्या, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातल्या, चिकट कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, की त्यावर कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे किती पतंग अडकले आहेत हे प्रणालीने मोजून सांगायचे, असा त्यांचा प्रकल्प होता. ही अळी बोंडाच्या आत राहते आणि बाहेरून दिसत नाही. शेतात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागतात तोवर ती फुलांत शिरलेली असते. म्हणून सापळ्याकडे ओढले जाणारे नर पतंग रोज मोजावे लागतात. सलग ३ रात्री एका सापळ्यात ८ किंवा त्याहून अधिक पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतात आणि त्यावर फवारणीचा निर्णय ठरतो. ज्या जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तिथे हा आकडा फुगवून सांगणे फार महागात पडू शकते. प्रकल्पाच्या अहवालात मोजणीची अचूकता ९६ टक्के लिहिली होती. मार्गदर्शक म्हणून त्याखाली माझी सही आहे.

नोव्हेंबरअखेरची सकाळ होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये तुरीच्या ओळी होत्या आणि तूर फुलावर होती. गटातल्या विद्यार्थिनीने सापळ्यातला कागद बाहेर काढला, फोटो घेतला, आणि मोबाइलने १९ हा आकडा दाखवला. शेताचे मालक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कागद हातात घेऊन उन्हात तिरपा धरला, नखाच्या टोकाने एकेक तपकिरी ठिपका हलवून पाहिला आणि म्हणाले, "सर, पतंग त सातच हायत. बाकी हे तुरीचे फुलं होय." वाऱ्याने आत आलेली, सुकून मिटलेली आणि कागदाला चिकटलेली ती बारा फुले आकाराने आणि रंगाने खरोखरच पंख मिटून बसलेल्या पतंगासारखी दिसत होती. पुढच्या दोन सापळ्यांतही तसेच झाले. फोटो मात्र छान आले.

परतीच्या एस.टी.त ती मुलगी एक शब्द बोलली नाही. रात्री अडीच वाजता तिचा संदेश आला: "सर, ९६ नाही. ७१ आहे."

चूक कुठे होती, ते तिने स्वतः शोधले होते, आणि ती चूक तुरीच्या फुलांहून खोल होती. प्रकल्पासाठी पाच शेतांतल्या सापळ्यांचे फोटो रोज काढलेले होते, परंतु चिकट कागद दहा-पंधरा दिवसांनी बदलतात. सोमवारी अडकलेला पतंग बुधवारी त्याच जागी, त्याच कोनात, तसाच पंख पसरून असतो. सगळे फोटो एकत्र करून त्यांतले ८० टक्के प्रणालीला शिकवण्यासाठी आणि २० टक्के तपासणीसाठी असे सरमिसळ वेगळे काढले, तेव्हा सोमवारचा फोटो एका ढिगात आणि बुधवारचा दुसऱ्या ढिगात गेला. शिकवताना दाखवलेलेच पतंग तपासणीत पुन्हा समोर आले. प्रणालीने ते ओळखले नव्हते, तिचे ते पाठ होते. त्या रात्री तिने विभागणी शेतानुसार केली, दर खेपेला एक अख्खे शेत प्रणालीपासून लपवून ठेवले आणि पाच वेळा तपासणी केली. सरासरी ७१ आली.

विभागणी कशी केली, हा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारायला हवा होता. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि परीक्षेतही विचारतो. स्पर्धेच्या परीक्षकांचा बहुतेक वेळ या ॲपमधून पैसे कसे मिळतील हे विचारण्यात गेला. तपासणीचे फोटो कुठले, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही. त्यांना दोष देताना माझी सही मला आठवते.

तिने आयोजकांना सुधारित आकडा कळवला. निकाल अंतिम आहे, एवढेच उत्तर आले. गटातला एक मुलगा तिच्यावर रागावला, कारण ९६ हा आकडा त्याने नोकरीच्या अर्जात घातला होता. विभागप्रमुख म्हणाले, "पारितोषिक मिळालं हे तर खरं आहे ना? मग बातमीत आकडा कशाला?" माणूस सज्जन आहे आणि विद्यार्थ्यांवर त्यांची माया आहे, पण त्यांच्यासमोरच्या तक्त्यात स्पर्धेचे नाव, स्तर, पारितोषिक आणि फोटो एवढेच रकाने आहेत. आपलाच निकाल तपासून तो ९६वरून ७१ टक्क्यांवर आणणाऱ्या विद्यार्थिनीची नोंद करायला त्यात जागा नाही. माझ्या मते गेल्या अनेक वर्षांत या विभागात त्याहून मोठे काम झालेले नाही. मी बातमीत ७१ लिहिले होते. छापून आली तेव्हा तिच्यात कोणताच आकडा नव्हता, आणि मी त्यावर पुन्हा बोललो नाही. ते बरोबर केले असे मला अजून वाटत नाही.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तिच्या टेबलावर वर्तमानपत्रावर तुरीची वाळलेली फुले पसरलेली होती. ती चिमट्याने एकेक फूल उचलून कोऱ्या चिकट कागदावर ठेवत होती, कधी पाकळ्या वर, कधी देठ वर, आणि प्रत्येकाचा फोटो काढून त्याला 'तूर' असे नाव देत होती. सहावे शेत कोणाचे मिळेल, एवढेच तिने मला विचारले.