आमच्या पुळणीवरच्या उंडी

देवगडजवळ आमच्या घरासमोर, पुळण संपते तिथे, उंडीची तीन झाडं आहेत. पूर्वी पाच होती. दोन वाट रुंद करताना तोडली. तोडणाऱ्यांना त्या झाडाचं नावही ठाऊक नव्हतं, हे माझ्या मनाला अजून लागून राहिलंय.

आजी पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायची. रात्री वाघळांनी वरचा मऊ भाग खाऊन टाकलेल्या बिया तिथे पडलेल्या असत. कवच फोडलं की आतला गर पांढराशुभ्र. मला तो लगेच घाण्यावर न्यायची घाई. आजी म्हणायची, "गर पांढरो आसा, अजून सुकांदे." ताज्या गरात तेल फारसं नसतंच. महिना-दीड महिना सुकून तो तांबूस, चिकट झाला की तेल भरतं, ते गराच्या वजनाच्या निम्म्याहूनही जास्त असू शकतं. हिरवट, दाट, उग्र वासाचं हे तेल खायचं नाही. आजीच्या लहानपणी ते दिव्यात जळायचं, माझ्या लहानपणी होडीच्या फळ्यांना लागायचं. आता होड्या फायबरच्या.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत या तेलाचं बायोडिझेल करून पाहिलं. कच्चं तेल इतकं दाट की इंजिनात नीट फवारलं जात नाही, म्हणून मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते पातळ करतात. ग्लिसरीन खाली बसतं. पहिल्या खेपेला नुसता साबण झाला. उंडीच्या तेलात मोकळी आम्लं फार, त्यांचा कॉस्टिकशी साबण होतो. दुसऱ्या खेपेला आधी आम्ल वापरून ती कमी केली, तेव्हा जमलं. एक भाग बायोडिझेल, चार भाग डिझेल, अशा मिश्रणावर वाडीतला पंप तासभर चालला. माडांना पाणी गेलं. आजी असायला हवी होती.

हे सगळं शंभर टक्के हिरवं नाही. मिथेनॉल बहुतेक करून नैसर्गिक वायूपासूनच येतं. पण तेलातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, आणि त्यासाठी भातशेती अडवावी लागत नाही.

सरकारच्या २०१८च्या धोरणात २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल घाटावरच्या उसातून, मका-तांदळातून येतं. त्या धोरणाआधी बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा गाजावाजा झाला होता. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय भरघोस तेल मिळेल म्हणे. तेवढं पीक आलं नाही. आमच्याकडे तो वईला, म्हणजे कुंपणाला असतो, तिथेच बरा. उंडीचं तसं व्हायला नको. मोठ्या लागवडीची स्वप्नं नकोत; किनाऱ्यावर आहेत ती झाडं राखा आणि तेल इथल्याच पंपांना, होड्यांना वापरा, एवढंच माझं मागणं.

पडवीत पिशव्यांमध्ये २२ रोपं आहेत. कवच तडकवून लावलेली बी लवकर रुजते. पाऊस लागला की ही रोपं सुरूंच्या मागच्या बाजूला लावणार आहे, वाटेपासून चांगली दूर.