हिरवा डोळा उघडला : नोंद चौथी

रामराम मंडळी. मागच्या नोंदीत आष्टीहून आणलेला फिलिप्सचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ नुसता घरघरत होता. तिथून पुढं.

फिल्टरचा कंडेन्सर सुकला होता, तो बदलला. घरघर गेली, पण दोन मिनिटांत ईएल ८४, म्हणजे स्पीकरला आवाज देणारा शेवटचा व्हॉल्व्ह, लालबुंद! व्हॉल्व्हच गेला म्हणून नवा मागवणार होतो. खोट निघाली कपलिंगच्या जुन्या कागदी कंडेन्सरात. तो गळत होता, त्यामुळं आधीच्या टप्प्यातलं डीसी ग्रिडवर येऊन व्हॉल्व्ह मोकाट करंट ओढत होता. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर टाकला, बास. असले सेट ज्यांच्याकडं आहेत त्यांनी आधी एवढं बदला, मगच प्लग लावा. डायलचा दोरा ओवण्यात दोन रविवार गेले, त्यावर बोलत नाही.

शुक्रवारी रात्री हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारी हिरवी नळी, उघडला. हात सवयीनं रेडिओ सिलोनकडं गेला.

सेट वडिलांच्या मामांचा. आष्टी तेव्हा निजामाच्या मुलखात. पण नगरची हद्द जवळ, तर मामा तिकडं जाऊन इंग्रजांच्या मराठा पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. परत आल्यावर त्या लढाईबद्दल चकार शब्द नाही. बुधवारी मात्र सिलोनवरची बिनाका गीतमाला चुकवायची नाही. घरात सगळे म्हणायचे, मामांना सिनेमाचं येड. मीही तेच म्हणायचो.

आता कळतंय की सिलोनचं ते केंद्र मुळात फौजेचं. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचा सेनापती माउंटबॅटन, त्याचं मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीहून सिलोनमधल्या कँडीला गेलं, आणि त्याच साली सैनिकांसाठी रेडिओ सीॲक (साउथ ईस्ट एशिया कमांड) सुरू झाला. सिलोनमधल्या एकाला या गावचा १०० किलोवॉटचा ट्रान्समीटर हवेवर आला १९४६ मध्ये, म्हणजे लढाई संपल्यावर! घरी जायच्या बोटीची वाट बघणाऱ्या पोरांना गाणी ऐकवायला तिथं डेव्हिड जेकब्स, डेस्मंड कॅरिंग्टन असे निवेदक बसायचे. दोघं पुढं बीबीसीवर नावाजले. १९४९ मध्ये ते केंद्र रेडिओ सिलोन झालं, १९५२ मध्ये गीतमाला आली. अमीन सायानींचा आवाज आपल्याला पाठ, पण त्याच केंद्रावर आधी कोण बोलून गेलं ते आपल्या रेडिओवेड्यांनाही ठाऊक नाही.

सैनिकांचं तर विचारूच नका. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला पाचव्या मराठ्याची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीनं सहा दिवस जपान्यांना अडवून होती. त्यामुळं इंफाळ-कोहिम्याला सावरायला वेळ मिळाला. मामा त्यात होते का, ठरवता येईना. रंगूनजवळ तौकयानच्या स्मारकावर सुमारे २७ हजार नावं आहेत, पण ती कबर न सापडलेल्यांची. जिवंत परतलेल्यांसाठी कुठं भिंत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांत १९१४-१९ च्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला, इतके गडी गेले, अशी पाटी असते. आमच्याकडं मराठवाड्यात मला एकही सापडली नाही. माझा आपला अंदाज : १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, त्यानंतर निजामाच्या फौजेतून लढलो, हे कोण सांगणार? ८ डिसेंबर १९४१ ला मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळावर निजामाच्या फौजेतली पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. त्या शिपायांचं नाव आपल्याकडं कोण काढतं? मुक्तिसंग्रामाच्या आठवणी मोठ्या आणि खऱ्याच, पण त्यांच्या आड मामांसारखे इंग्रजांच्या पलटणीतलेही झाकले गेले.

सेटच्या मागच्या पुठ्ठ्याआड कापडात गुंडाळलेला बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशच्या लढाईचं पदक, निघाला. मागं नाव कोरलेलं नाही.

आयएफ (रेडिओच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) जुळवणं बाकी आहे, पुढच्या खेपेला. बीड, धाराशिवकडच्या कुणाच्या ट्रंकेत असा सहा टोकांचा तारा असला तर फोटो टाका. फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही निळ्या पट्ट्यांत एकेक नारिंगी रेघ.