मामांचा राजीनामा

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळतो. या जुलैमधल्या एका दुपारी आमचे सर्वांत जुने टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, राजीनामा घेऊन माझ्यासमोर बसले. वय 56, नोकरी 29 वर्षांची. त्यांनी कातलेले शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे गोल दांडे, मापात बसत नाहीत म्हणून परत येऊ लागले होते आणि आदल्या दिवशी सुपरवायझरने चारचौघांत त्यांचे वय काढले होते.

"माझ्यामुळे माल परत येतो, साहेब. त्यापेक्षा घरी बसतो."

भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन 58 व्या वर्षाआधी घेतली, तर दर वर्षामागे 4 टक्के कमी मिळते, हे मी त्यांना समजावले. त्यांनी मान हलवली, पण कागद उचलला नाही.

मग मी रिजेक्शनची नोंदवही काढली. मेअखेरपर्यंत मामांच्या नावावर जवळजवळ काहीच नव्हते. चुका सुरू झाल्या त्या पाऊस लागल्यावर, आणि त्याही बहुतेक दुसऱ्या पाळीत.

आम्ही दोघे शॉपमध्ये गेलो. छपरातले पारदर्शक पत्रे शेवाळाने काळवंडले होते आणि लेथवरच्या दोन ट्यूबांपैकी एक बंद होती. मामांनी शाफ्टला व्हर्निअर, म्हणजे बारीक रेघांची मोजपट्टी असलेले मापयंत्र, लावला, स्क्रू आवळून तो अलगद काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि दारापर्यंत चालत जाऊन बाहेरच्या उजेडात माप वाचले. अशा फेऱ्यांवरून ओरडा बसू लागल्यापासून ते जागेवरच अंदाजाने वाचत होते. मी 47 वर्षांचा, व्हर्निअरच्या दोन पट्ट्यांवरची नेमकी कोणती रेघ जुळते यावरून 0.02 मिलिमीटरपर्यंतचे माप कळते, ती रेघ मलाही तिथे ठरवता येईना. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, हे मी एका प्रशिक्षणात ऐकले होते. तरीही इतके दिवस त्या लेथपाशी जाऊन पाहिले नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

2011 च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांच्या प्रमाणात केरळनंतर गोव्याचाच क्रमांक होता. अशा राज्यात हाताशी असलेला कसबी टर्नर एका ट्यूबपायी गमावणे मला अक्षम्य वाटते.

संध्याकाळपर्यंत ट्यूब बदलली, लेथला वळवता येणारा दिवा बसला आणि डिजिटल व्हर्निअरची मागणी गेली. त्या पाळीत मामा एकदाही दारापर्यंत गेले नाहीत.

राजीनामा अजून माझ्या खणात आहे. त्यांनी तो परत मागितलेला नाही. सुपरवायझरने त्यांची माफी मागावी, आणि तीही चारचौघांतच मागावी, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.